पंधरावा फर्मा

आदरणीय अध्यक्ष महाशय, व्यासपीठावरचे मान्यवर, ग्रंथालय समितीचे सभासद, वरच्या कचेरीतून मोजणीसाठी आलेले तपासनीस साहेब, वाचक मंडळातले माझे जुने सोबती, खुर्च्या कमी पडल्यामुळे खिडकीपाशी उभे असलेले सगळे, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आपल्या ग्रंथपाल बाई,

एकतीस वर्षं मी वर्तमानपत्राच्या टेबलावर दुसऱ्यांच्या बातम्या नीट करत बसले. तिथली एक सवय अजून सुटलेली नाही. ताजं काय ते आधी सांगायचं आणि कुणाच्या हवाल्याने ते लगेच सांगायचं. तर ताजं असं, की आज दुपारी सव्वातीन वाजता या ग्रंथालयाची मोजणी पूर्ण झाली. दप्तरात एकवीस हजार सहाशे चार पुस्तकं आहेत आणि मोजणीतही तेवढीच भरली. अडतीस वर्षांच्या कारभारात एकही पुस्तक कमी नाही. तपासनीस साहेबांनी स्वतः सही करून याला दुजोरा दिला आहे.

(टाळ्या वाजवा, हरकत नाही. माझा वेळ मोजतानाच तेवढा धरू नका.)

फक्त त्यांतलं एक पुस्तक आत्ता माझ्या पिशवीत आहे.

साहेब, दचकू नका. रीतसर घेतलं आहे. पावणेतीन वाजता देवघेवीच्या टेबलावर बाईंनी स्वतःच्या हाताने शिक्का मारून दिलं. बाईंनी या नोकरीत मारलेला तो शेवटचा शिक्का. दाखल क्रमांक आठ हजार दोनशे सोळा. काल मोजणीत हेच पुस्तक साहेबांच्या हातात आलं, त्यांनी ते चाळलं, परत चाळलं, चष्मा पुसला, आणि वहीत शेरा मारला : ‘सदोष प्रत. निर्लेखन करावे.’ म्हणजे सोप्या भाषेत, दप्तरातून नाव काढा आणि रद्दीत घाला. शेरा अगदी नियमाला धरून होता. पण वाचकाकडे गेलेलं पुस्तक परत येईपर्यंत रद्दीत घालता येत नाही, हाही नियमच. तो साहेबांनीच चहा पिताना सांगितला, आणि बाईंनी कप खाली ठेवून ऐकला.

साहेब म्हणाले, “बाई, हे नियमात बसतं. पण मला काही पटलं नाही.”

बाई म्हणाल्या, “साहेब, अडतीस वर्षं मला न पटलेलं पुष्कळ काही नियमात बसलेलं मी बघितलंय. आज एक तुमचं.”

तर हे पुस्तक मी पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी परत करायचं आहे. तेव्हा या खुर्चीवर बाई नसतील. दुसऱ्या रांगेत कडेला बसलेल्या, आजच रुजू झालेल्या आपल्या नव्या ग्रंथपाल ताई असतील, आणि त्याचं काय करायचं ते त्यांनी ठरवायचं आहे. म्हणून आजचं माझं भाषण बाईंच्या गौरवाचं असलं, तरी ते मी थोडं तुमच्याकडे तोंड करून करणार आहे, ताई. आम्ही मंडळी अशी का वागतो, हे तुम्हाला आधी कळलेलं बरं.

चोवीस वर्षांपूर्वी बाईंनी वाचक मंडळ सुरू केलं तेव्हा बारा जण जमलो आणि पहिल्याच बैठकीत अडलो. बारा माणसं, आणि पुस्तकाची प्रत एक. एकामागून एक वाचायचं म्हटलं तर वर्षाला एकच पुस्तक व्हायचं. कुणी म्हणालं, मोठ्याने वाचू. कुणी म्हणालं, मंडळच बंद करू. बाई मात्र उठून मागच्या गल्लीत बाइंडरकडे गेल्या आणि त्यांनी विचारलं, “पुस्तक सोडून परत बांधता येईल का?”

बाइंडर म्हणाले, “येईल. पण वाचताना कुणी कोपरे मुडपले, तर मी परत बांधणार नाही.”

ते बाइंडर म्हणजे माझे बाबा.

ताई, पुस्तक छापतात तेव्हा एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापून त्याची घडी घालतात. त्या घडीला फर्मा म्हणतात. असे पंधरा-अठरा फर्मे एकमेकांना शिवले की पुस्तक होतं. बाबा ती शिवण उसवायचे, आणि आम्ही एकेक फर्मा घरी न्यायचो. वाचून झाला की पुढच्या घरी. या गावातल्या रस्त्यावर तेव्हा असे संवाद ऐकू यायचे :

“अहो, तुमचा सातवा झाला का?”

“सातवा कालच दिला. आठवा कुणी अडवलाय?”

“मास्तरीणबाईंनी. त्या समासात खुणा करत बसल्यात.”

“आणि मी इथे खुनी कोण ते न कळता तीन दिवस स्वयंपाक करतेय!”

महिनाअखेरीला सगळे फर्मे गोळा व्हायचे, बैठक व्हायची, आणि बाबा ते परत बांधून द्यायचे. इतकं नीट, की पुस्तक कधी सुटलं होतं हे सांगूनही खरं वाटायचं नाही. कोपरेही कधी मुडपले गेले नाहीत. सगळे बाबांना घाबरून असायचे.

पुस्तक निवडण्याचाही नियम होता. पाळी येईल त्याने निवडायचं, आणि ते कुणीही नाकारायचं नाही. निवडणाऱ्याने मंडळाच्या वहीत पुस्तकाचं नाव लिहायचं आणि शेजारच्या ‘का?’ या रकान्यात एक ओळ. बस्स.

मी पहिल्या सात वर्षांत माझ्या पाळीला काय काय निवडलं, ते वहीत आहे. एक बर्फातला प्रवास. दोन खून. एक मिठाचा इतिहास. एक, माफ करा, पत्त्यांच्या डावांचं. आणि ‘का?’च्या रकान्यात प्रत्येक वेळी एकच शब्द : ‘सहज.’

सहज काही नव्हतं. आज सांगते.

मला बघून तुम्हाला कळतंच. आई इथली. शिवणकाम करायची. बाबा फार दूरच्या खंडातले, जहाजाच्या कामावर आले आणि इथेच राहिले. त्यांचा रंग गर्द, आईचा गोरा, आणि दोघांनाही पक्का दोरा लागायचा, म्हणून गाठ दोऱ्याच्या दुकानात पडली. माझ्या वाट्याला दोघांचंही थोडंथोडं आलं. गल्लीतल्या मुलांनी माझं नाव ‘अर्धी’ ठेवलं. अर्धी खेळायला येतेस का. अर्धीवर राज्य. मला त्याचं फार दुःख होतं असं सांगितलं तर भाषण चांगलं होईल, पण ते खरं नाही. राज्य आलं की मी ते घ्यायची आणि सगळ्यांना पकडायची. पाय बाबांचे होते.

त्रास व्हायचा तो मोठ्यांचा, आणि तोही चांगल्या माणसांचा. बाजारात आईला विचारायचे, “दत्तक घेतलीत का?” आई म्हणायची, “नऊ महिने पोटात वाहिली. टाके दाखवू का? मी शिवणवाली आहे, पण ते दुसऱ्याने घातलेत.” विचारणारी बाई पुन्हा आमच्याच रांगेत उभी राहायची नाही. माझा मामा तर मला बघितलं की खूश व्हायचा. “आमच्या घराण्यात उंची कुणाला नव्हती. ही आली आणि माळ्यावरचे डबे काढायची सोय झाली!” फोटो स्टुडिओवाल्याची मात्र दर वेळी पंचाईत व्हायची. दिवा बाबांच्या मापाने लावला की आई पांढरीफटक, आईच्या मापाने लावला की बाबा मागच्या पडद्यात मिसळून जायचे. शेवटी तो म्हणाला, “बेबीला मध्ये बसवा, म्हणजे मला अंदाज येतो.” तेव्हापासून आमच्या घरातल्या झाडून सगळ्या फोटोंत मी मध्ये आहे. अजून कुठेही फोटो काढायचा म्हटलं की पाय आपोआप मधल्या खुर्चीकडे जातात. अध्यक्ष महाशय, मघाशी तुमची खुर्ची मी का बळकावली, त्याचं हे कारण.

आणखी एक सांगते, ते पुढे लागणार आहे. मी आठ वर्षांची असताना बाबा मला सार्वजनिक तलावावर पोहायला न्यायचे. पहिल्या दिवशी आम्ही पाण्यात उतरलो तशा दोन बायकांनी आपापली मुलं हाताला धरून बाहेर काढली. मी बाबांकडे बघितलं. बाबांनी त्या बायकांकडे बघितलं, रिकाम्या पाण्याकडे बघितलं, आणि म्हणाले, “छान. आता जागा झाली. हात मार.” त्या उन्हाळ्यात मी या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता जायला शिकले. पुढे दोन्ही बायकांची मुलं परत आली. त्यातल्या एकाला तरंगायला बाबांनीच शिकवलं.

तर असं सगळं असताना, पुस्तकात मला सुट्टी हवी होती. बर्फातल्या प्रवासात मला कुणी विचारत नाही, तू कुठली. खुनात सगळे प्रेताकडे बघतात. म्हणून माझी निवड तशी.

पण आमचं मंडळ मायाळू. फार मायाळू. कुणाच्या तरी मनात आलं, की आपल्यात ही एकटी वेगळी, हिच्या आयुष्यावरचं आपण काही वाचतच नाही, हिला किती वाईट वाटत असेल! आणि आठव्या वर्षी एकामागून एक तीन पाळ्यांना तीन कादंबऱ्या आल्या. तिन्हींची नायिका माझ्यासारखी, दोन वर्णांच्या आईबापांची. पहिलीत तिला वेड लागतं. दुसरीत ती क्षयाने जाते. तिसरी मास्तरीणबाईंनी निवडली होती. ‘का?’च्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, ‘आपल्यातल्या एका भगिनीला समजून घेण्यासाठी.’ तिच्यात ती नदीत उडी घेते.

दर बैठकीच्या शेवटी सगळी खोली माझ्याकडे वळायची. आवाज खाली यायचे. “तुम्हाला काय वाटलं हो?” जणू मीच आत्ता पाण्यातून निघून, ओलेत्याने येऊन बसले आहे. मी म्हणायची, “चांगली आहे. भाषा ओघवती आहे.” मग घरी जायची. बाबा विचारायचे, “कसं होतं?” मी म्हणायची, “परत मेली.”

एवढंच. याहून जास्त मी कधी बोलले नाही. बाबाही कधी काही बोलले नाहीत.

आता आपले पंपवाले काका. विहिरीवरचे पंप दुरुस्त करतात, ते बघा तिथे, हसताहेत. मास्तरीणबाईंच्या मागोमाग त्यांची पाळी होती आणि त्यांनी निवडलं मधमाश्या पाळण्याचं पुस्तक. मंडळी कुरकुरली, पण नाकारायचं नाही हा नियम. गंमत अशी, की ती कादंबरी आणि हे मधमाश्यांचं पुस्तक एकाच छापखान्यातलं, एकाच मापाचं, एकाच कागदाचं, आणि दोन्ही अठरा फर्म्यांची. दोन्ही एकदमच बाबांकडे गेली, कादंबरी बांधायला आणि मधमाश्या सोडायला.

मधमाश्यांचं पुस्तक आलं ते चौदाच फर्म्यांचं. बाबा म्हणाले, “पुढचे सापडले की लावतो.” पंपवाले काका आठ दिवस धुसफुसत होते. “अहो, मध काढायची वेळ आली आणि पुस्तकच संपलं!” कादंबरी मात्र गुबगुबीत, छान, अठरा फर्म्यांची होऊन आली. फर्म्यांचे आकडे बरोबर, पानांचे आकडेही बरोबर. कुणी उघडून बघायचं कारण नव्हतं.

पुढच्या महिन्यात वार्षिक कार्यक्रम. याच सभागृहात. मास्तरीणबाईंनी ठरवलं की त्या कादंबरीचा शेवट त्या जाहीर वाचतील. त्यांचा आवाज तुम्हाला माहीत आहे. शेवटच्या बाकावरचा पोरगाही सावरून बसेल असा. सभागृह भरलेलं. काहींनी आधीच रुमाल काढलेले, आणि बरेच जण चोरून माझ्याकडे बघत होते. मास्तरीणबाई पान दोनशे चोवीसपासून वाचू लागल्या. ती घरातून निघते. संध्याकाळ. ती नदीच्या काठाशी येते. पाण्यात तिला स्वतःचा चेहरा दिसतो. ती डोळे मिटते आणि...

मास्तरीणबाई समोरच्या पानावर गेल्या. आणि त्याच भरल्या आवाजात, त्याच गतीने, पुढे :

“...झाकण हळूच उघडावे. घाई केल्यास माश्या बिथरतात. प्रथम थोडा धूर द्यावा आणि राणी सुखरूप आहे याची खात्री करून घ्यावी.”

अख्खा परिच्छेद वाचला त्यांनी! राणी सापडली, पोळं तपासलं, मध भरपूर आहे असं ठरलं, तेव्हा कुठे त्या थांबल्या. चष्म्यावरून सभागृहाकडे बघितलं. आणि मागून पंपवाले काका ओरडले, “अहो, त्या माझ्या माश्या!”

मग जे हसणं सुरू झालं! त्यात सगळ्यांत मोठ्याने कोण हसत होतं, विचारा बाईंना. मी. माझ्या पोटात दुखायला लागलं. सात-आठ वर्षांत त्या मंडळात मी तशी हसले नव्हते. ती काठावर उभी होती, सगळं सभागृह तिच्या मरणाची वाट बघत होतं, आणि तिने काय केलं, तर पेटीचं झाकण उघडलं! नंतरचे चार फर्मे मी त्याच आठवड्यात वाचले. ती दोन पेट्यांच्या पाच करते. हिवाळ्यात त्यांना साखरेचं पाणी देते. शेवटच्या पानावर मध गाळून बरण्यांत भरलेला आहे आणि झाकणं घट्ट लावावीत अशी सूचना आहे. इतका समाधानाचा शेवट मी दुसऱ्या कुठल्या कादंबरीत वाचलेला नाही.

त्या दिवसानंतर कुणी माझ्यासाठी पुस्तक निवडलं नाही. मास्तरीणबाईंचंही मन मोठं. बाहेर पडताना माझा हात धरून म्हणाल्या, “मेले, आधी सांगायचं नाही का? मी उगाच तुला तीनदा मारली नसती!” मी म्हटलं, “तुम्ही एकदाच. बाकीचे दोन खून दुसऱ्यांचे.”

आता बाईंचा पराक्रम. दुसऱ्या दिवशी सकाळी नियमाप्रमाणे त्यांनी ती प्रत बाद करायला हवी होती. त्यांनी दाखल नोंदवही उघडली, जुना क्रमांक रद्द केला आणि नवीन क्रमांक घातला. आठ हजार दोनशे सोळा. नवीन पुस्तक आल्यावर घालतात तसा. लेखक या रकान्यात लिहिलं, ‘दोघे’. विषय : ‘कादंबरी, मधमाशीपालन’. आणि प्रतीची अवस्था या रकान्यात, त्यांच्या त्या टपोऱ्या अक्षरात, एकच शब्द : ‘पूर्ण.’

साहेब, काल तुम्ही त्या शब्दाखाली लाल रेघ मारलीत. तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण ज्या मुलीला गल्लीत ‘अर्धी’ म्हणायचे, तिने त्या वर्षी कुठल्याशा कामाने ती नोंदवही उघडली होती आणि तो शब्द वाचला होता. ती कितीतरी वेळ नोंदवही मिटायला तयार नव्हती. बाई तेव्हा शेजारच्या टेबलावर पाकिटांना डिंक लावत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही. त्यांना कळलं होतं की नाही, हे मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही.

इथवरची गोष्ट मंडळात सगळ्यांना माहीत आहे. पुढची नाही. मलाही मागच्या मंगळवारपर्यंत नव्हती.

त्या कार्यक्रमात बाबा मागच्या रांगेत बसले होते. सगळे हसत होते तेव्हा ते हसले नाहीत. नुसते माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, बिचारे ओशाळलेत. चाळीस वर्षांच्या कामात पहिली चूक, आणि तीही भर सभेत. घरी मी म्हटलं, “बाबा, डोळे तपासून घेऊ या.” आले निमूटपणे. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, “अहो, हे माझ्यापेक्षा बरं बघतात.” मग मला धास्ती, की डोळे नाहीत तर स्मरण गेलं. तेव्हापासून त्यांनी बांधलेलं प्रत्येक पुस्तक मी ग्रंथालयात जाण्याआधी तपासायला लागले. ऑफिसातून आल्यावर त्यांच्या मागे उभी राहायची, खांद्यावरून वाकून फर्मे मोजायची. चार वर्षं, ते जाईपर्यंत. आणि या माणसाने एकदाही म्हटलं नाही, की बस झालं. उलट दिवा माझ्या बाजूला सरकवून द्यायचे. चार वर्षांत मला एकही चूक सापडली नाही. मला वाटायचं, माझ्या तपासण्यामुळे.

ते गेल्यावर दुकान आवरताना खालच्या खणात मला ते हरवलेले चार फर्मे सापडले. कादंबरीचे पंधरा ते अठरा. कागदात गुंडाळून, हिरव्या दोऱ्याने बांधून ठेवलेले. मी मनात म्हटलं, बघ, इथे ठेवले आणि विसरले. आणि खण लावून टाकला.

मागच्या मंगळवारी मी या भाषणाची तयारी करायला बाईंकडे गेले होते. म्हटलं, त्या पुस्तकाची गोष्ट सांगणार आहे, तारीख तेवढी सांगा. बाई तारीख शोधता शोधता सहज म्हणाल्या, “न्यायला आले होते तेव्हा विचारलं होतं त्यांनी मला.”

“कुणी? काय विचारलं होतं?”

“तुझ्या बाबांनी. त्या मुलीचं शेवटी काय होतं ते.”

मी म्हटलं, “मग?”

“मग काय. मी सांगितलं, नदीत उडी घेते. ते म्हणाले, ‘का? तिला पोहता येत नाही?’ मी म्हटलं, पुस्तकात तसं काही दिलेलं नाही. ते म्हणाले, ‘माझ्या मुलीला येतं.’ आणि दोन्ही पुस्तकं काखेत मारून गेले.”

मी बाईंना म्हटलं, “आणि हे तुम्ही मला आज सांगताय? सोळा वर्षांनी?”

बाई म्हणाल्या, “त्यांनी सांगितलं नव्हतं ना तुला? मग मी कोण सांगणारी? आता माझी नोकरी संपली.”

मंडळी, आमच्या टेबलावर नियम होता. एकाच माणसाच्या सांगण्यावरून बातमी छापायची नाही, दुसरीकडून खात्री करायची. मंगळवारी रात्री मी घरी जाऊन तो खण परत उघडला. विसरलेल्या वस्तू कुणी कागदात गुंडाळत नाही. आणि त्या हिरव्या दोऱ्याची गाठ बाबांची नेहमीची गाठ होती, पुस्तक संपलं की शेवटी मारायचे ती. म्हणजे दोन सूत्रं झाली. एकतीस वर्षांच्या अनुभवाने सांगते, ही बातमी छापायला हरकत नाही. माझ्या बाबांनी चाळीस वर्षांत एकही चूक केली नाही.

क्षमा करा, पाणी घेते.

चार वर्षं मी त्यांच्या खांद्यावरून वाकून काय तपासत होते, आठवलं की मला माझंच हसू येतं. पण एक फायदा झाला. एवढं बघून बघून मला बांधणी आली.

म्हणून ताई, आता तुमच्याशी बोलते. हे पुस्तक माझ्या पिशवीत आहे, आणि ते चार फर्मेही पिशवीत आहेत. मला कुणाची फसवणूक करायची नाही. पहिल्या शनिवारी दोन्ही तुमच्या टेबलावर ठेवीन. तुम्ही म्हणालात, तर पंधरा ते अठरा जागच्या जागी शिवून देईन. एका बैठकीचं काम आहे. पंपवाले काकांनाही त्यांचा मध मिळेल, साहेबांचा शेराही निघून जाईल, पुस्तक छापलं तसं होईल. आणि तुम्ही म्हणालात, तर आहे तसंच कपाटात राहील. सांगायला बाई नाहीत, बाबा नाहीत. निर्णय सर्वस्वी तुमचा.

मात्र निर्णयाआधी एक अडचण आहे. येत्या महिन्यात मंडळात पुस्तक निवडायची पाळी माझी आहे. मी क्रमांक आठ हजार दोनशे सोळा निवडते आहे. आणि ग्रंथपाल या नात्याने तुम्ही आपोआप मंडळाच्या सभासद होता, हे तुम्हाला अजून कुणी सांगितलं नसेल. मंडळाचा नियम मघाशी सांगितलाच : निवडलेलं पुस्तक कुणी नाकारायचं नाही. तेव्हा आधी वाचा, मग ठरवा. त्याच शनिवारी मी शिवण सोडते. पहिला फर्मा तुमच्या घरी येईल. पंधरावाही आधी तुमच्याच घरी येईल.

बाई, तुमच्याबद्दल मी फार कमी बोलले असं आता काही जण चहाच्या वेळी म्हणतील. त्यांना मी सांगेन, मी दुसऱ्या कशाबद्दल बोललेच नाही. या गावात पुस्तकं देणारे पुष्कळ झाले. कुणाला कुठलं पुस्तक नको आहे, हे ओळखणाऱ्या तुम्ही एकट्या. अडतीस वर्षांत एकही पुस्तक कमी नाही, हे साहेबांनी मोजलं. त्या एकवीस हजार सहाशे चारांत एक जास्तीचं आहे, ते त्यांच्या मोजणीत येत नाही.

समितीने मला बोलायची संधी दिली, अध्यक्षांनी घड्याळाकडे बघूनही न बघितल्यासारखं केलं, तपासनीस साहेबांनी एवढं ऐकून घेतलं, मास्तरीणबाईंनी नाव घेऊ दिलं, त्या सगळ्यांची मी ऋणी आहे. बोलण्यात माझाही एखादा फर्मा पुढेमागे लागला असेल. तसाच बांधून घ्या, उसवू नका.

आता चहा आहे. चहानंतर बाई दप्तरावर शेवटची सही करतील आणि किल्ल्या ताईंच्या हातात देतील. आणि पहिल्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता, मागच्या खोलीत, मी मंडळाची वही उघडून पुस्तकाचं नाव लिहीन. ‘का?’च्या रकान्यात या वेळी ‘सहज’ नसेल. ओळ ठरली आहे, तीनच शब्दांची : ‘तिला पोहता येतं.’

सगळ्यांनी यायचं. आणि कोपरे मुडपायचे नाहीत.